निळ्या चिंधीची पन्नास कलमं

आमच्या रोपवाटिकेच्या मांडवात कलमं बांधणाऱ्यांसाठी एक लांब फळी आहे. जमिनीपासून वीतभर उंच, फणसाच्या लाकडाची, बसून बसून गुळगुळीत झालेली. यंदा तिच्यावर अकरा जण बसतात आणि त्यांतल्या नऊ बायका आहेत. बाग बघायला येणारे लोक हमखास विचारतात, हे कधी सुरू झालं? मग मी मोठ्या उत्साहाने सांगू लागतो. आफ्रिकेतून आलेल्या दोन बायका, माझी वहिनी, पन्नास कलमं. लोकांना गोष्ट आवडते. शेवटी कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारतं आणि मी ती मारू देतो.

त्या गोष्टीतला एक भाग मी कायम गाळत आलो. तो इथे लिहायचा आहे.

ऐंशीच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती ती. मुंबईत गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष उलटलं होतं. लांज्याच्या आसपासच्या आमच्या गावांत एरवी गणपतीला आणि शिमग्याला दिसणारे पुरुष आता रोजच दिसत होते. माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, तोही गिरणीतून परत आला होता आणि पडवीत बसून होता. दादाची बायको ती माझी वहिनी. दादा मुंबईत असताना शेत, गुरं, दोन मुलं आणि म्हातारी सासू तिनेच सांभाळली होती. आता तो आला होता, पण तिच्या कामातलं एकही कमी झालं नव्हतं. उलट ती आमच्या रोपवाटिकेत मजुरीला येऊ लागली होती.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा. शेतकीचा अभ्यासक्रम पुरा करून त्याच रोपवाटिकेत देखरेखीला लागलेला, पण अजून कायम न झालेला. घराण्यात इंग्रजी बोलू शकणारा पहिला मीच होतो आणि हे मला एक क्षणही विसरता येत नसे.

पावसाळ्यात तिथे कोय कलमांचं काम चाले. आंब्याची कोय रुजून तांबूस कोवळं रोप वर आलं, की ते कोयीसकट अलगद उपटायचं. त्याचा शेंडा उडवून देठाला उभी चीर द्यायची. हापूसची काडी घेऊन तिला खालून पाचरीसारखा काप घ्यायचा, ती चिरेत बसवायची आणि प्लास्टिकची पट्टी गुंडाळून घट्ट बांधायची. मग पिशवीत लावून मांडवाच्या सावलीत ठेवायचं. तीन-चार आठवड्यांत काडीला फूट आली तर कलम जगलं, काडी काळी पडली तर मेलं.

यातलं कापणं आणि बांधणं पुरुषांचं. माती कालवणं, पिशव्या भरणं, रोपं उपटून आणून देणं बायकांचं. बाईचा हात लागला तर कलम धरत नाही, असं सगळे मानत. महिन्याचे चार दिवस तर बायकांनी मांडवात पाऊलही टाकायचं नसे. त्या दिवसांत त्यांनी बाहेर मातीच्या ढिगावरच काम करायचं. दिवसभर ढिगावरून कोण हलत नाही त्यावरून कोण 'बाहेरची' आहे ते सगळ्यांना कळे आणि त्याचं कुणालाच काही वाटत नसे. मलाही नाही. मी शेतकी शिकलो होतो, वनस्पतीच्या पेशी भिंगाखाली पाहिल्या होत्या, तरी मला त्यात काही वाटत नव्हतं.

फळीवरचे प्रमुख तात्या. केळशीकडचे, साठी ओलांडलेले, तंबाखूने ओठ लाल झालेले. त्यांनी बांधलेली कलमं पार देवगडपर्यंत गेली होती. वहिनी रोपं घेऊन आली की नेमकी तात्यांसमोर उकिडवी बसायची आणि हात बघत राहायची.

"अगो, माझ्या हाताला काय सोनं लागलंय?" तात्या म्हणायचे.

"सोनं नाय, चुना लागलाय," वहिनी म्हणायची आणि उठून जायची.

एकदा मी तिच्या घरी गेलो तर मागच्या जास्वंदीला पंधरा-वीस ठिकाणी चिंध्या बांधलेल्या. मला वाटलं, नवस. जवळ जाऊन पाहिलं तर एका जास्वंदीवर दुसऱ्या जास्वंदीच्या काड्या बसवलेल्या होत्या, अर्ध्या ब्लेडने काप घेऊन. लाल जास्वंदीच्या अंगावर पिवळं फूल आलं होतं.

"हे कुणी केलं?"

"तुमच्या दादानं," वहिनी म्हणाली आणि माझं तोंड बघून पोट धरून हसली. मग एकदम गंभीर झाली. "भावजी, मला फळीवर बसायचंय. तुमी शब्द टाकाल का मालकांकडं?"

"वहिनी, तात्या चाकू घेऊन माझ्या मागे लागतील."

"तात्यांना म्हातारपणात धावायला होतंय होय? तुमी पुढं निघून जाल की."

मी हसण्यावारी नेलं. शब्द टाकला नाही.

आणि मग ती बातमी आली. कृषी खात्याचे साहेब जीप घेऊन आले आणि मालकांना म्हणाले की झिम्बाब्वेहून दोन पाहुण्या येणार आहेत, कलमं बांधायला शिकण्यासाठी. त्यांच्या देशात लढाई नुकती संपली आहे, तिकडे बायकांनी मिळून बागा लावायला घेतल्या आहेत, त्यांना आपली पद्धत हवी आहे. चार दिवस इथे, मग महिनाभर दापोलीला, आणि परत जाताना पुन्हा एकदा इथे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. रोपवाटिकेत इंग्रजी मलाच येत होतं!

त्या आठवड्यात रोपवाटिकेला लग्नघराची कळा आली. वाटेवरचा चिखल काढून चिरे बसवले, मांडवाची झापं बदलली, मालकांनी रत्नागिरीहून चार नव्या खुर्च्या आणल्या. बायका एकमेकींना विचारत होत्या, त्या काय नेसतात, त्या काय खातात, त्यांना आपलं ऊन लागेल का. "तिकडं ऊन काय कमी हाय?" वहिनी म्हणाली. मी आरशासमोर उभा राहून इंग्रजी वाक्यं घोकत होतो.

जीप थांबली आणि दोघी उतरल्या. एक पन्नाशीकडे झुकलेली, रुंद खांद्यांची, उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा व्रण. दुसरी माझ्याच वयाची, उंच, हसरी. दोघींच्या अंगात पँट आणि पायांत रबरी बूट. आमच्या बायका पावसाची इरली डोक्यावर घेऊन एका ओळीत उभ्या होत्या. थोरलीने त्यांच्याकडे पाहिलं, गुडघ्यांत किंचित वाकली आणि दोन्ही तळहात पोकळ धरून हळूच टाळ्या वाजवल्या. तो तिकडचा नमस्कार. आमच्या बायकांनी क्षणभर एकमेकींकडे पाहिलं आणि तशाच टाळ्या वाजवल्या. सगळा मांडव हसू लागला.

धाकटी थोरलीला 'माई' म्हणून हाक मारत होती. मी विचारलं तर म्हणाली, आमच्या भाषेत आईला असं म्हणतात. मी हे बायकांना सांगितलं मात्र, थोरली त्या दिवसापासून सगळ्यांची माई झाली.

मालकांनी खुर्च्यांकडे हात केला. माईने खुर्च्यांकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं, बूट काढले आणि थेट तात्यांच्या शेजारी जाऊन बसली. धाकटी तिच्या पलीकडे. फळीवरचे सहा पुरुष एकदम आखडले. तात्यांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. त्यांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "हां हां, सुरू करा."

मी ओळीत उभ्या असलेल्या वहिनीकडे पाहिलं. तिचे डोळे असे लकाकत होते की मला एकदम भीती वाटली.

तात्या कडक, पण शिकवण्यात कसूर नाही. माईच्या हातातला चाकू त्यांनी तीनदा काढून घेतला आणि तीनदा परत दिला. "सांग रे तिला, काप एका फटक्यात. घासायचं नाही, ती काय मुळ्याची भाजी आहे?" मी सांगितलं. माई इतकी हसली की फळी हलली. मग तिने एका फटक्यात काप घेतला आणि तात्यांच्या नाकासमोर धरला. तात्या म्हणाले, "जमेल."

दुपारी जेवायला पाहुण्या बायकांच्यात येऊन बसल्या. वहिनीने आपल्या फडक्यातली नाचणीची भाकरी मोडून दोघींना दिली. माईने वास घेतला, तुकडा तोंडात टाकला आणि ओरडलीच. हे धान्य त्यांच्याकडे पिकतं म्हणे.

"भाकरी करतात का?" बायकांनी विचारलं.

मी विचारून सांगितलं, "भाकरी नाही, दारू करतात."

"अगो बाई!" असा गलका झाला, आणि एक म्हातारी म्हणाली, "आमच्या घरातल्यांना सांगू नका हो. उद्या शेतात नाचणीच उरायची नाही."

मग माई बोलू लागली आणि मी सांगत गेलो. वाक्यामागून वाक्य. लढाईच्या वर्षांत पुरुष रानात गेले, तेव्हा बायकाही गेल्या. काहींनी बंदुका चालवल्या. माईने डोक्यावरून दारूगोळा वाहिला, रात्रीत नद्या ओलांडल्या, जखमी उचलले. हात तेव्हाच भाजला. लढाई संपली, झेंडा बदलला, आणि घरी परतल्यावर सासरा म्हणाला, झालं ना आता, चल, चूल पेटव.

"मग?" वहिनीने विचारलं.

"मग मी चूल पेटवली," माई म्हणाली. "जेवण केलं, सगळ्यांना वाढलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या बावीस बायकांना घेऊन जमीन मागायला गेले."

"आणि नवरा? त्याला चालतं?"

माईने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तो कुरकुर करतो. पण आता बागेला पाणी तोच घालतो, त्यामुळे कुरकुरायला त्याला वेळ कमी मिळतो."

बायका टाळ्या वाजवू लागल्या, त्या नव्या पद्धतीच्या. एवढ्यात मालक आणि साहेब जेवण उरकून तिथे आले. आणि नेमका त्याच वेळी माईने फळीकडे बोट करून विचारलं, "तुमच्यापैकी कोणीच का बांधत नाही?"

मी ते मराठीत सांगितलं. बायका आपापल्या भाकरीकडे बघू लागल्या. वहिनी मात्र नीट माईकडे बघत म्हणाली, "मला येतंय. घरी झाडावर करते मी. मला फळीवर बसायचंय. हे लोक बसू देत नायत. तुमी सांगून बघा ना ह्यांना."

माई माझ्याकडे वळली. मालक माझ्याकडे बघत होते. मला कायम करायचं की नाही हे त्या महिन्यात ठरणार होतं. आणि खरं सांगायचं तर एवढंच कारण नव्हतं. परक्या देशातून आलेल्या माणसासमोर आपल्या घरचं उघडं पडतंय याची लाज मला वाटली. ज्याची लाज वाटायला हवी होती त्याची वाटली नाही.

मी इंग्रजीत म्हणालो, "ती म्हणतेय, आम्हाला हे काम आवडत नाही. माती भरणं सोपं पडतं." साहेबांना दोन्ही भाषा कळत होत्या; त्यांनी घड्याळात पाहिलं.

माईच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. तिने वहिनीकडे पाहिलं, मान हलवली आणि भाकरीचा उरलेला तुकडा उचलला.

"काय म्हणाली?" वहिनीने मला विचारलं.

"म्हणाली, बरं."

हाच तो भाग. लोकांना गोष्ट सांगताना मी इथे जेवणावरून थेट पुढच्या दिवसावर जातो.

पुढच्या दिवशी साहेबांनी एक परीक्षा ठरवली. प्रत्येकाने पन्नास कलमं बांधायची. प्रत्येकाच्या पिशव्यांना वेगळ्या रंगाची चिंधी. महिन्याने पाहुण्या परत येतील तेव्हा कुणाची किती जगली ते सगळ्यांसमोर बघायचं. तात्यांची पिवळी, माईची लाल, धाकटीची हिरवी. यादीत साहेबांनी माझंही नाव घातलं. निळी चिंधी.

मी त्याच सकाळी अंगठा कापून घेतला होता. धाकटीला काप दाखवायला गेलो आणि चाकू सटकला. देखरेख करणाराच अंगठा कापून घेतो हे कुणाला कळू नये म्हणून मी हात खिशात घालून हिंडत होतो. दुपारी साहेब पाहुण्यांना गणपतीपुळ्याला घेऊन गेले. मालक गेले, दर्शन होईल म्हणून तात्याही गेले. मी एकटा गोदामात पन्नास रोपं आणि पन्नास काड्या समोर घेऊन बसलो. एक काप नीट येईना.

वहिनी रिकाम्या पिशव्या न्यायला दारात आली. माझा हात तिने पाहिला.

"वहिनी," मी म्हणालो, "माझी पन्नास तुम्ही बांधाल?"

ती आत आली नाही. उंबऱ्यावरच उभी राहिली. "चिंधी कुणाची?"

"माझी. निळी."

तिने माझ्यासमोरच्या काड्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "काडीला काय कळतंय कुणाची चिंधी ते. बांधते मी. पण एक आधी सांगून ठेवते. मी आज ढिगावर हाय. पहिला दिवस हाय माझा."

पन्नास कलमं मेली तर सगळ्यांसमोर नाक माझं कापलं जाणार होतं. भिंगाखाली पाहिलेल्या पेशी त्या वेळी माझ्या काही उपयोगाला आल्या नाहीत.

"भ्यालात?" ती म्हणाली. "मी पण भ्यालेय. लहानपणापासनं ऐकत आले, आमचा हात लागला की जळतं. मला एकदा बघू दे जळतंय का. नायतर मी फळीवर बसले तरी मनातनं भीतच बसेन."

"या," मी म्हणालो. त्या सगळ्या दिवसांत मी उच्चारलेला हा एकच शब्द, ज्याचा मला अजून पश्चात्ताप झालेला नाही.

ती आली, पाय पोटाशी घेऊन बसली, आणि चाकू डाव्या हातात घेतला. ती डावखुरी होती. यावरून सासरी तिला पुष्कळ बोलणी बसली होती, पण कोयती असो की सुई, काम डाव्या हातानेच व्हायचं. पहिल्या रोपाला तिने चाकू दोनदा टेकवून उचलला. दुसऱ्याला नाही. दहाव्यानंतर मी बघतच राहिलो. काप एका फटक्यात, पाचर चिरेत जाताना जराही पोकळी नाही, पट्टी सरसर गुंडाळून गाठ. मध्येच ती हळू आवाजात काडीशी बोलायची, "नीट बस गो बाय, हलू नको." मी रोपं पुढे करत होतो आणि चिंध्या बांधत होतो. आम्ही चोरी करत असल्यासारखा मी सारखा दाराकडे बघत होतो. बाहेर जीपचा आवाज आला तेव्हा पन्नासाव्या पिशवीवर मी निळी चिंधी बांधली आणि ती मागच्या दाराने पुन्हा मातीच्या ढिगावर जाऊन बसली.

तो महिना! मी रोज सकाळी उठून आधी निळ्या चिंध्यांकडे जायचो. आठ दिवस काहीच नाही. बारा दिवस काहीच नाही. वहिनी जवळून जाताना ओठ न हलवता विचारायची, "काय?" आणि मी मान हलवायचो. एका सकाळी तिसऱ्या रांगेतल्या काडीच्या टोकाला मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला. मी चिखलात गुडघे टेकून वाकलो. शेजारच्या काडीला दुसरा. संध्याकाळपर्यंत सात. मी मातीच्या ढिगाकडे धावत गेलो, तिथे चार बायका होत्या, म्हणून काहीच बोलता येईना. वहिनीने माझं तोंड पाहिलं. घमेलं खाली ठेवलं, पदराने तोंड झाकलं, आणि ती हसतेय की रडतेय ते मला कळलं नाही. पुढच्या आठवड्यात त्या काड्यांना तांबडी, तकतकीत, मऊ पानं फुटली. काहींना चार, काहींना सहा.

पाहुण्या परत आल्या त्या दिवशी सगळे मांडवात जमले. दादाही पडवी सोडून आला होता. साहेबांनी स्वतः एकेक रांग तपासली. धाकटीची सत्तावीस जगली होती, माईची एकतीस. तात्यांची चव्वेचाळीस. निळ्या चिंधीची सेहेचाळीस.

मालकांनी मला मिठीच मारली. "हा बघा आमचा पोरगा! तात्यांच्या वर गेला. साहेब, यालाच कायम करतोय मी, आजच." कोणीतरी अबोलीचा हार माझ्या गळ्यात घातला. वहिनी बायकांच्या ओळीत उभी होती, डोक्यावर मातीचं घमेलं. बोलण्याची वेळ तीच होती. तोंड उघडून नाव घ्यायचं, एवढंच. मी हार सरळ केला.

माई निळ्या रांगेसमोर उकिडवी बसली होती. एक पिशवी उचलून तिने पट्टीवरून बोट फिरवलं. मग तात्यांची एक उचलली. मग पुन्हा निळी. तिने दोन्ही पिशव्या नुसत्या तात्यांसमोर धरल्या. तात्यांनी डोळे बारीक केले. तात्यांच्या कलमाला पट्टी एका अंगाने गुंडाळलेली होती, निळ्याला उलट्या अंगाने. सगळ्या सेहेचाळीसांना.

"बांध रे एक," तात्यांनी माझ्यापुढे चाकू धरला.

मी बांधलं. उजव्या हाताने, दुसरं करणार काय? तात्यांनी ते निळ्याशेजारी ठेवलं.

"मेल्या, ही तुझी नव्हेत. ही डाव्या हाताची आहेत."

मी लोकांना सांगतो की त्या वेळी मी पुढे झालो आणि वहिनीचं नाव घेतलं. तसं घडलं नाही. मला घमेलं जमिनीवर ठेवल्याचा आवाज ऐकू आला. वहिनी चालत आली, माझ्या शेजारून गेली, फळीच्या रिकाम्या टोकावर बसली, डाव्या हातात चाकू घेतला आणि एक कलम बांधलं. सगळ्यांच्या समोर. ते तिने तात्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"आणि त्या दिवशी मी ढिगावर होते," ती मोठ्याने म्हणाली. "पहिला दिवस होता. विचारा ह्यांना सगळ्यांना."

"होती!" जेवताना नाचणीवरून बोललेली ती म्हातारी ओरडली. "मीच होते तिच्याबरोबर पाटी उचलायला! होतीच!"

बायकांच्या ओळीत एकच कल्लोळ झाला. मालक साहेबांकडे बघेनात, साहेब मालकांकडे. तात्या मात्र उठले. निळ्या रांगेपाशी गेले, एका कलमाचं तांबडं पान दोन बोटांत धरून त्यांनी उलटसुलट पाहिलं, दुसऱ्याचं पाहिलं, तिसऱ्याचं पाहिलं. त्यांनी आयुष्यभर जे मानलं होतं ते त्या पानांत कुठे जळलंय का, तेच ते शोधत असावेत. मग परत आले, फळीवर बसले आणि शेजारच्या माणसाला कोपराने ढोसून म्हणाले, "सरक रे तिकडे. डावरीला हात फिरवायला जागा लागते."

माईने माझ्या दंडाला धरलं. "काय म्हणाली ती? सगळं सांग."

आणि मी सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासूनचं. भाकरी खाताना ती खरं काय म्हणाली होती आणि मी काय सांगितलं होतं तेही. माझं इंग्रजी तुटत होतं, पण मी थांबलो नाही. साहेबांनी ते ऐकलं आणि दुसरीकडे पाहिलं. माईने माझा दंड सोडला. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "हे मला कशाला सांगतोस? तिला सांग." मग ती फळीकडे वळली, गुडघ्यांत वाकली आणि वहिनीसाठी टाळ्या वाजवू लागली, आणि सगळ्या बायका तिच्याबरोबर.

त्या दिवसापासून वहिनी फळीवर बसली. पुढच्या पावसाळ्यात आणखी दोघी आल्या, त्यांना तिने शिकवलं. मातीचा ढीग सगळ्यांचा झाला. पिशव्या भरायला माणूस कमी पडला तेव्हा एक दिवस दादाच घमेलं घेऊन उभा राहिला. बायकांनी त्याला पहिला महिनाभर इतकं छळलं, की गिरणीतला मुकादमही बरा होता असं तो म्हणायचा. पण टिकला. माईकडून दोनदा पत्रं आली, झाडांच्या फोटोंसकट. वहिनी साक्षरतेच्या वर्गाला जाऊन अक्षरं शिकली, आणि लांज्यापासून राजापूरपर्यंत कलमं बांधायला तिला बोलावणी येऊ लागली. मालकांनी मला कायमही केलं, शब्द दिला होता म्हणून.

आणि मी तिला सांगितलं नाही. इतकी वर्षं. माझी कबुली मी अशा भाषेत दिली होती जी तिला कळत नव्हती, आणि तेवढ्यावर निभावलं असं मानून चालत राहिलो. ती मला भावजी म्हणत राहिली, गणपतीला मोदक पाठवत राहिली. प्रत्येक मोदकाबरोबर मला ते वाक्य आठवायचं.

परवा हे लिहायला घेतलं तेव्हा वाटलं, कागदाला सांगण्याआधी तिला सांगायला हवं. मांडवात गेलो. ती फळीवर तात्यांच्या जुन्या जागी बसली होती, आता केस पांढरे, नाकावर चष्मा, हात तोच. मी समोर उकिडवा बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. माईने काय विचारलं होतं, तिने काय उत्तर दिलं होतं, मी काय सांगितलं.

तिचा चाकू थांबला नाही. काडीला काप घेतला, चिरेत बसवली, पट्टी गुंडाळली.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली.

"ठाऊक आहे? कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? तिचं तोंड बघितलं होतं मी. मी येतंय म्हणाले आणि तिचं तोंड पडलं. येतंय ऐकून कुणाचं तोंड पडतं का, भावजी?"

"मग माझी पन्नास का बांधलीत?"

"तुमची?" तिने चष्म्यावरून पाहिलं. फळीवरच्या बाकीच्या आठ जणी खुदखुदल्या. "माझीच होती ती. चिंधी तेवढी तुमची." मग तिने गाठ मारली आणि कलम माझ्या हातात दिलं. "इतकी वर्षं वाट बघायला लावलीत. लिहिताय ना? मग मी काय म्हणाले होते ते नीट लिहा, गाळू नका. आणि आता सरका जरा, उजेड अडवून बसलाय."

मी सरकलो. पिशवी आणली, माती भरली आणि ते कलम लावलं.